उलटा आटा

संपादकांचा फोन आषाढात आला. यंदाच्या अंकाचा विषय 'खरेदी'. सोनं, सदनिका, पैठणी, शेअर्स ही वजनदार मंडळी आधीच लेखकांत वाटून झाली होती. "तुम्ही काहीतरी वेगळं बघा," ते म्हणाले, म्हणजे उरलंसुरलं. त्याच आठवड्यात बहिणीचा फोन. भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, कॉलेज घरापासून साडेपाच किलोमीटरवर, आणि त्याला गियरची सायकल हवी होती. "दहा हजारांच्या वर जायचं नाही, दादा. आणि तू बरोबर जा, तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काय कळत होतं? मी ज्या पुण्यात सायकल शिकलो तिथे ती तासाच्या भाड्याने मिळायची, मधल्या दांडीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर हाकायची असायची, आणि डबलसीट दिसलो की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडायचा. एवढ्या भांडवलावर मी हो म्हटलं. संपादकांनाही सायकल हाच विषय कळवून टाकला.

प्रेशर कुकरच्या शेजारी

नगर रस्त्यावरच्या त्या दुकानाचं नाव घेत नाही. एका छपराखाली तांदूळ, चादरी, पंखे, चपला आणि सायकली मिळतात अशांपैकी ते एक, एवढं पुरे. सायकलींची रांग प्रेशर कुकर आणि प्रवासी बॅगांच्या मधे होती. दांड्यांवर रंगवलेली नावं बघत गेलो तर सगळी वादळं, ज्वालामुखी आणि हिंस्र श्वापदं. त्यांच्या खाली त्याच जोमाने 'एमटीबी', म्हणजे डोंगरावर चालवायची सायकल.

तासभर तिथे उभा राहून मी गिऱ्हाइकं पाहिली. येणारा प्रत्येक जण पहिली गोष्ट एकच करत होता: दोन्ही मुठी हँडलवर ठेवून अंगाचा भार टाकायचा आणि पुढचा शॉकप खाली जातो का ते बघायचं. गेला की चेहऱ्यावर समाधान. कलिंगडावर टिचकी मारतात तसं हे. टिचकीवरून निदान कलिंगड पिकलंय का एवढं तरी कळतं. शॉकप दाबून फक्त आत स्प्रिंग आहे एवढंच कळतं. भाच्यानेही दाबला. मीही.

विक्रेता मुलगा नम्र होता. परवापर्यंत तो मिक्सरच्या विभागात होता, हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं, "याच्या फ्रेमचा साइज काय?" तो म्हणाला, "सर, सव्वीस." सव्वीस इंच हे चाकाचं माप. फ्रेमचं माप वेगळं असतं आणि ते चालवणाऱ्याच्या उंचीवर, पायांच्या लांबीवर ठरतं. चाक मोठं म्हणजे सायकल मोठी असं नव्हे. भाचा पाच फूट दहा इंच. त्याची उंची तिथे कोणी विचारली नाही, कारण त्या मॉडेलमध्ये एकच फ्रेम येत होती. सीट वर केलं की झालं, असं ठरलं. सीटच्या नळीवर एक खूण असते, नळी तिच्या वर ओढायची नसते. आम्ही ओढली ती बरोबर खुणेपाशी येऊन थांबली.

पोलादी फ्रेम, पुढे शॉकप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गियर. किंमत ९,९९९ रुपये. "मामा, पूर्ण एक रुपया खाली," भाचा म्हणाला. बहिणीची अट पाळली गेली होती.

टेकडीवरचा जन्म

या जातीच्या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाला. तिथली काही उनाड पोरं १९३०-४० च्या दशकांतल्या जाडजूड टायरच्या जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलायची, टेम्पोत घालून डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेने सुसाट खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरच्या वाटेत जवळजवळ चारशे मीटरचा उतार. ब्रेक मागच्या हबमध्येच, पायडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. भरायचं, म्हणजे 'रीपॅक'. शर्यतीचं नावच तेच पडलं. त्यांच्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजंपर बाजारात आणली आणि पोरांचा खेळ कारखान्यात गेला.

गंमत म्हणजे त्याच १९७६ साली फ्रान्समध्ये लीलजवळ डेकॅथलॉनचं पहिलं दुकान उघडलं. खेळाच्या सगळ्या वस्तू एकाच छताखाली आणि बेताच्या भावात, ही त्यांची कल्पना. २००९ मध्ये ते भारतात आले. तोवर आपल्याकडे डोंगरी सायकल वेगळ्या वाटेने पोचली होती. जाड टायर आणि सरळ हँडलवाली हिरो रेंजर इतकी चालली की पुढे कुठल्याही कंपनीच्या तसल्या सायकलीला लोक 'रेंजर'च म्हणायला लागले. तिला ना गियर, ना शॉकप. डोंगर फक्त दिसण्यात. आमच्या वाड्यातला रेंजरवाला मुलगा पर्वतीला जायचा तोसुद्धा सायकल पायथ्याशी लावून.

म्हणजे दिखाऊ डोंगर आपल्याला नवा नाही. फरक इतकाच की रेंजरमध्ये बिघडण्यासारखं फार काही नव्हतं.

दहा हजारांत काय येतं

घरी आल्यावर मी वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग सायकल उचलून. वजाबाकी आली साडेसोळा किलो. यात एकटा पुढचा शॉकप अडीच किलोच्या घरातला. महागड्या शॉकपमध्ये स्प्रिंगइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची गोष्ट असते तेल: दाबली गेलेली स्प्रिंग ते हळूहळू सोडतं, म्हणून चाक जमिनीला चिकटून राहतं. या भावात तेल परवडत नाही. नुसती स्प्रिंग, वर प्लॅस्टिकचं बटण. खड्ड्यात गेलं की दबते आणि लगेच उसळून परत येते. पुढचा ब्रेक जोरात लावला की सायकल नाक खुपसते, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की निम्मी ताकद हँडल वरखाली करण्यात जाते. हे सगळं अडीच किलो ओझं वाहून मिळवायचं.

डिस्क ब्रेकचंही तसंच. डिस्क वाईट नाही. चिखलात, पावसात ती रिमवर लागणाऱ्या ब्रेकपेक्षा सरस. पण स्वस्त केबलवाल्या डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचं पॅड हलतं, ते पातळ चकतीला दाबून दुसऱ्या पॅडवर टेकवतं. केबल जरा ताणली, चकती जरा वाकली, की एक तर ब्रेक लागत नाही किंवा दिवसभर सर्र-सर्र घासत राहतो. दुकानातून घरी येताना आमची सर्र-सर्र सुरू झाली होती. त्याच भावात रिमवर लागणारे बरे व्ही-ब्रेक आले असते. त्यांचे रबर कुठल्याही गल्लीत मिळतात आणि ते बसवायला इंजिनिअरिंगचा प्रवेश लागत नाही. पण डिस्क दिसते, आणि या बाजारात जे दिसतं ते विकलं जातं.

एकवीस गियरचा मामला आम्ही खडू घेऊन बसून सोडवला. पुढे तीन चकत्या, दाते २४, ३४ आणि ४२. मागे सात: १४, १६, १८, २०, २२, २४, २८. तीन गुणिले सात एकवीस, हिशेब बरोबर. पण भाच्याने भागाकार मांडले तेव्हा पुढे ४२ आणि मागे २८ हा गियर, आणि पुढे २४, मागे १६ हा गियर, दोन्हींचं उत्तर आलं दीड. तंतोतंत तोच गियर, दोनदा मोजलेला. ३४ वर २८ आणि २४ वर २० हेही जवळजवळ जुळेच. असे जुळे-तिळे वगळले आणि ज्यात साखळी तिरकी ओढली जाते ती टोकाची जोडपी सोडली, तर खरे वेगळे गियर बारा-चौदा उरतात. तेही पुष्कळ आहेत. सगळ्यात हलक्या गियरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते, सगळ्यात जडवर सव्वासहा. पुण्याच्या पुलांना आणि चांदणी चौकाच्या चढाला हे ठीक. मला आक्षेप एकवीस या आकड्याचा आहे, तो खोक्यावर छापण्यासाठी जन्माला आलेला आहे.

सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं की या सायकलीवरून उड्या मारू नयेत, कसरती करू नयेत, खडतर वाटांवर नेऊ नये. यामागे रीतसर मानकं आहेत. एएसटीएम या अमेरिकी संस्थेने सायकलींच्या वापराच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीच्या सायकलीने डांबरी आणि खडीच्या वाटेवर चालावं आणि पंधरा सेंटिमीटरहून उंच ठिकाणावरून खाली उडी घेऊ नये. तिसऱ्या पायरीला एकसष्ट सेंटिमीटरपर्यंत मुभा. स्वस्त 'एमटीबी' बहुतेक करून दुसऱ्या पायरीवरच बसलेली असते. म्हणजे नाव डोंगराचं, मर्यादा पदपथाच्या कडेएवढी. यात फसवणूक आहे का? छापलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणावं लागेल. पण दांडीवरचा ज्वालामुखी चार इंची अक्षरांत आणि ही सूचना मुंगीएवढ्या, हेही खरं.

वेताळ टेकडी, बारावा दिवस

घेतल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी भाचा वेताळ टेकडीवर गेला, आणि लेखासाठी म्हणून मी चालत मागून. सकाळी साडेसहाला एआरएआयच्या बाजूने वर आलं की तिथे सायकलवाल्यांचा वेगळाच मेळा दिसतो. मुरमाच्या निसरड्या वाटा, मधे मधे उघडा काळा दगड. लाखालाखाच्या सायकली, गुडघ्याला कवचं. त्यातल्या एकाने भाच्याची सायकल पाहिली. मला वाटलं आता नाक मुरडणार. त्याने टायर अंगठ्याने दाबला आणि विचारलं, "हवा किती भरलीयेस?" पेट्रोलपंपावर साठ भरली होती. "चाळीसवर आण." त्याने स्वतःच व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली, खिशातल्या छोट्या मीटरने मोजली. टायरवर ४० ते ६५ असं छापलेलंच असतं, आपण वाचत नाही. दगडगोट्यांवरची थरथर निम्म्याने कमी झाली. फुकटात. अडीच किलोच्या स्प्रिंगने जे साधलं नव्हतं ते वीस पौंड हवा सोडून साधलं.

मग अर्ध्या तासाने डावं पायडल निखळलं. उतारावर नव्हे, सुदैवाने. सपाटीवर, हळू जाताना. भाचा एका पायावर उतरला, पायडल बुटाखालीच राहिलं. पायडल ज्यात बसतं त्या क्रँकच्या भोकात पाहिलं तर आटे पार गेलेले, आत रुपेरी भुगा.

दुकानात घेऊन गेलो. तिथल्या टेबलामागच्या माणसाने फोटो काढला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, हे कस्टमर डॅमेज आहे. पायडल सैल असताना चालवलंय." पुस्तिकेत तसं एक वाक्य होतंच. सैल मुळात का होतं, या प्रश्नाला त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

चाचांचं दुकान

नारायण पेठेतल्या एका बोळात, जिन्याखालच्या सहा बाय पाचच्या जागेत चाचा बसतात. वर टांगलेल्या रिम, खाली पाण्याची काळी पडलेली घमेली, सोल्युशनचा वास. त्यांनी क्रँकमध्ये करंगळी घातली, फिरवली आणि बाहेर काढून भुगा पायजम्याला पुसला.

"साहेब, डाव्याला उलटा आटा असतो. पोराने सुलटा आवळला."

मग त्यांनी नवं पायडल हातात घेऊन दाखवलं. उजवं पायडल नेहमीच्या स्क्रूसारखं आवळतं, डावं उलटीकडे. कारण मी नंतर शोधलं. पायाचा भार सतत वरून खाली येतो, पण क्रँक गोल फिरत असतो. त्यामुळे क्रँकच्या भोकाच्या बाजूने पाहिलं तर भारच भोकाभोवती फिरत राहतो. पायडलचा दांडा भोकात केसभर सैल असतोच. तो कडेकडेने लोळत उलट दिशेने सरकतो. डाव्या बाजूला सरळ आटे असते तर चालवता चालवता पायडल आपोआप सुटलं असतं. म्हणून तिथे आटा उलटा. ज्याला हे माहीत नाही तो डावं पायडल उजव्यासारखं जोर लावून बसवतो. ते धड बसत नाही, सैल राहतं आणि क्रँकचे आटे खात जातं. दांडा पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. या भांडणात कोण हरणार ते ठरलेलं.

हे कसं घडतं ते चाचांनी हात चालू ठेवून सांगितलं. सायकल कारखान्यातून दुकानात येते ती खोक्यातून, बरीचशी जोडलेली. पुढचं चाक, हँडल, सीट, पायडलं लावायची असतात, ब्रेक आणि गियर जुळवायचे असतात. नीट करायचं तर तास-दीड तासाचं काम. पूर्वी पेठेतला दुकानदार हेच काम मिस्त्रीकडून करून घ्यायचा आणि महिन्याने गिऱ्हाईक परत आलं की तारा आवळून, चाकाचा आउट काढून द्यायचा. ती मजुरी किमतीतच धरलेली असे. मोठ्या दुकानात सायकल स्वस्त होते त्यात घाऊक खरेदीचा वाटा आहेच, पण ही मजुरी गळाल्याचाही आहे. सगळीकडे तसंच असतं असं नाही. काही साखळ्यांनी दुकानातच वर्कशॉप ठेवलं आहे, तिथे शिकलेली माणसं असतात. पण मिक्सरशेजारी सायकल विकणाऱ्या दुकानात ती सणाच्या आधी वीस मिनिटांत उभी केली जाते.

"मागच्या महिन्यात एक आली," चाचा म्हणाले, "पुढची डिस्क उजवीकडं, मागची डावीकडं. अख्खा फोर्कच उलटा. बापाने पोराला तशीच दिली होती, आठ दिवस चालवत होता." डोळ्यांनी ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण: साखळी उजवीकडे, दोन्ही डिस्क डावीकडे.

हा रोग फक्त आपला नव्हे. २०२२ च्या सुमारास अमेरिकेतल्या शेकडो सायकल मेकॅनिकांनी मोठ्या साखळी दुकानांना आणि त्यांच्या पुरवठादारांना उद्देशून अर्ज काढला होता: मोडण्यासाठीच बनवलेल्या सायकली विकू नका, सायकल निदान पाचशे तास तरी चालली पाहिजे. पाचशे तास ऐकायला डोंगराएवढे वाटतात. भाच्याचं जाणं-येणं रोजचं एक तास धरलं तर कॉलेजची दोन-अडीच वर्षं. मागणी तेवढीच होती.

चाचांनी पुलर लावून डावा क्रँक ओढून काढला. पुलर आहे हे पाहून मला बरं वाटलं, काही ठिकाणी हातोडी असते. डब्यातून दुसरा क्रँक काढला. पायडलाच्या आट्यांना ग्रीस लावलं, आणि ते पान्याने नाही तर बोटांनी फिरवायला सुरुवात केली. चार-पाच फेरे अगदी सहज गेले. "बोटांनी जात नसलं तर थांबायचं. पाना शेवटी." मग सायकल उलटी टांगून मागचं चाक फिरवलं, ब्रेकच्या पॅडजवळ डोळा लावला, तारांना एकेक चिमटीत धरून सैल तेवढ्या आवळल्या. डिस्कची सर्र-सर्र थांबली. हँडलखालचा बोल्ट हाताने सुटत होता, तोही आवळला. त्याच्याबद्दल आम्हाला कल्पनाच नव्हती. टेकडीवर पायडलाऐवजी तो सुटला असता तर, हा विचार मी बहिणीला सांगितलेला नाही.

हिशेब

क्रँक, पायडलची जोडी आणि पूर्ण सर्व्हिस मिळून चाचांनी ९५० रुपये घेतले. घंटी, कुलूप, स्टँड आणि मडगार्ड वेगळे, कारण डोंगरी सायकलीला मडगार्ड नसतो आणि पुण्यात जूनपासून पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. बहिणीची दहा हजारांची अट बारा हजारांवर गेली. लेख छापायला देण्याच्या बेतात असताना, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आम्ही जुलैत घेतली होती.

मला विचाराल तर एवढ्या पैशांत गियरची सायकल जरूर घ्यावी, पण शॉकपशिवायची, व्ही-ब्रेकची, आणि उंची विचारणाऱ्या दुकानातून. ती मिळाली नाही आणि अशीच घ्यावी लागली, तर दुकानातून थेट मिस्त्रीकडे न्या, घरी नंतर. पैसे देण्याआधी दुकानातच डावं पायडल हाताने धरून क्रँकमध्ये हलतं का पहा आणि पुढचं चाक दोन पायांत दाबून हँडल फिरवून बघा. शॉकप दाबायचा मोह होईलच, तोही दाबा.

भाचा रोज कॉलेजला सायकलनेच जातो. चाचांकडे त्या रंगाचा क्रँक नव्हता, त्यामुळे उजवा चंदेरी आहे आणि डावा काळा.